पोलिसांच्या गोळीचा जाब कायद्याने कसा मागावा : बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पोलिसांच्या गोळीने माणूस दगावतो किंवा जायबंदी होतो, तेव्हा त्या घटनेची पहिली लेखी हकीकत पोलिसांचीच असते. तिचा साचा आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. आरोपीला महजरसाठी, म्हणजे जागेच्या पंचनाम्यासाठी, नेले होते. त्याने हवालदारावर दगडाने किंवा चाकूने हल्ला केला. अधिकाऱ्याने हवेत गोळी झाडून शरण येण्यास बजावले. तो ऐकेना म्हणून नाइलाजाने पायावर गोळी झाडावी लागली. ही हकीकत खरी असू शकते, कारण पोलिसांवर खरोखर हल्ले होतात आणि स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क त्यांनाही आहे. मात्र ती खरी आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार गोळी झाडणाऱ्यांना नाही, तो न्यायालयाला आहे. घरच्यांची हकीकत पहिल्या दोन-तीन दिवसांत तारीख-वेळेसह कागदावर आली नाही, तर न्यायालयासमोर एकच बाजू उरते. पुढील सर्व पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात.

सीमाभागात हा विषय नवा नाही. १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारातील हुतात्म्यांना आपण दरवर्षी अभिवादन करतो आणि १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांसाठी जमतो. १९५६ च्या जानेवारीत बेळगाव मुंबई राज्यात होते, आणि गोळ्या झाडणारे पोलीसही त्याच राज्याचे होते, हे येथे मुद्दाम नमूद करतो. पोलिसांच्या बंदुकीवर कायद्याचा लगाम असणे ही गरज मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांची आहे, आणि तुमच्या अर्जात भाषिक वादाचा एक शब्दही येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तसा शब्द आला की मूळ प्रश्न बाजूला पडतो.

गोळी केव्हा झाडता येते

फौजदारी प्रक्रियेचा कायदा असलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे; पुढे कायद्याचे नाव न देता नुसते ‘कलम’ म्हटले असेल, तेथे ते याच संहितेचे समजावे. तिच्या कलम ४३ नुसार अटकेला विरोध करणाऱ्याविरुद्ध पोलिसांना आवश्यक ते बळ वापरता येते; परंतु ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या शिक्षेचा आरोप नाही, अशा माणसाचा जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. दुसरा आधार स्वसंरक्षणाचा. हा हक्क पोलिसांना आहे तसाच तुम्हा-आम्हालाही आहे, आणि त्याची मर्यादाही सर्वांना सारखीच आहे : धोका खरा आणि समोर उभा असला पाहिजे, आणि वापरलेले बळ त्या धोक्याच्या प्रमाणात असले पाहिजे. स्वसंरक्षणात गोळी झाडली असे जो म्हणतो, ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १०८ तसे सांगते. पळून जाणाऱ्या, बेड्या घातलेल्या किंवा खाली पडलेल्या माणसावर झाडलेली गोळी या मर्यादेत बसवणे कठीण असते, आणि म्हणूनच जखमा शरीराच्या पुढच्या बाजूला आहेत की मागच्या, हा प्रश्न पुढे फार मोलाचा ठरतो.

जमावावरील गोळीबाराचा विचार वेगळा करावा लागतो. बेकायदेशीर जमावाला पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा त्याच्या अनुपस्थितीत पीएसआयपेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी देऊ शकतो, असे कलम १४८ सांगते. तेथे पहिला प्रश्न हुकूम कोणी दिला हा असतो, कारण वरिष्ठाच्या हुकमानुसार सद्भावनेने वागणाऱ्या पोलिसाला कलम १५१ संरक्षण देते आणि जबाबदारी वर सरकते. त्यामुळे घटनास्थळी कोणता अधिकारी होता, इशारा ध्वनिक्षेपकावरून दिला गेला का, लाठीमार किंवा अश्रुधूर आधी झाला का, हे पाहणाऱ्यांकडून त्याच दिवशी लिहून घ्यावे.

पहिला दिवस

एखाद्याला पोलिसांनी नेले आहे आणि तो कोठे आहे ते कळत नाही, अशा वेळी घटना घडण्याची वाट पाहू नका. २००६ मध्ये मुंबईत एका तरुणाला वाशीतून उचलण्यात आले, तेव्हा त्याच्या वकील भावाने चकमकीची बातमी येण्यापूर्वीच पोलीस आयुक्तांना तारा आणि फॅक्स पाठवून ठेवले होते. त्या कागदांवरील वेळ पोलिसांच्या हकीकतीशी जुळत नव्हती. त्या प्रकरणात २०१३ मध्ये अनेक पोलिसांना शिक्षा झाली, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रदीप शर्मा या माजी अधिकाऱ्यालाही जन्मठेप सुनावली; त्याविरुद्धचे अपील पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. आज तारेची सोय नाही, पण ईमेल आहे, स्पीड पोस्ट आहे आणि ११२ वर केलेल्या फोनची नोंद राहते. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तांना, जिल्ह्याच्या इतर भागात पोलीस अधीक्षकांना आणि दोन्ही ठिकाणी जिल्हा व सत्र न्यायाधीशांना एकच मजकूर पाठवावा.

या अर्जात आरोप कमी आणि तपशील जास्त असावेत. उदाहरणादाखल असा मजकूर चालेल : ‘माझा भाऊ अमुक, वय इतके, यास आज सकाळी साडेनऊच्या सुमारास घरासमोरून साध्या वेशातील चार जणांनी पांढऱ्या गाडीतून नेले. त्या वेळी तो स्वतःच्या पायांनी चालत गाडीत बसला. त्याच्या अंगावर कोणतीही जखम नव्हती. त्याने निळा शर्ट आणि काळी पँट घातली होती, पायात चप्पल होती. त्याच्याजवळ मोबाइलखेरीज काही नव्हते. तो डावखुरा आहे. शेजारच्या दोघांनी हे पाहिले आहे. तो सध्या कोठे आहे, हे आम्हाला कळवण्यात आलेले नाही. त्याच्या जीविताची आम्हाला काळजी वाटते.’ कपड्यांचा रंग, डावखुरेपणा, चप्पल अशा बारीकसारीक गोष्टी त्या क्षणी निरर्थक वाटतात. पुढे मृताच्या उजव्या हातात पिस्तूल होते असे महजरमध्ये आले, किंवा शवविच्छेदनाच्या वेळी अंगावर दुसरेच कपडे आढळले, तर याच गोष्टी बोलू लागतात.

अर्ज मराठीत दिला तर चालतो का, असे सीमाभागात नेहमी विचारले जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाणे मांडणारे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याला देता येते. तरीही माझा सल्ला असा की मराठी अर्जासोबत त्याचे कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे; हक्क सिद्ध करण्यात आठवडा घालवण्यापेक्षा अर्ज त्याच दिवशी वाचला जाणे महत्त्वाचे असते. पोलिसांनी पुढे केलेल्या कन्नड कागदावर मात्र मजकूर पूर्ण समजल्याशिवाय कोणीही सही करू नये. तपासात साक्षीदाराचा जो जबाब पोलीस घेतात, त्यावर सही करण्याची कायद्याने आवश्यकताच नाही. तक्रारीवर सही लागते, पण ती वाचून दाखवल्यानंतरच.

जवळपासच्या दुकानांचे, पेट्रोल पंपांचे आणि टोलनाक्यांचे कॅमेरे जुने चित्रण थोड्याच दिवसांत पुसून टाकतात. निपाणी किंवा कोगनोळीजवळून गाडी गेल्याचा संशय असेल, तर त्याच दिवशी संबंधितांना चित्रण जपून ठेवण्याबद्दल लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. पोलीस ठाण्यातील कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसल्यास निदान एक वर्ष, जपण्यास सांगितले आहे. स्वतःच्या मोबाइलवरील छायाचित्रे आणि चित्रफिती मूळ फोनमध्येच ठेवाव्यात. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत न्यायालयात दुबळी ठरते आणि मूळ उपकरणाबाबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते.

शवविच्छेदन : सर्वांत नाजूक टप्पा

दुःखात बुडालेले घर या टप्प्यावर गाफील राहते, आणि हा टप्पा हातातून निसटला तर तो पुन्हा मिळत नाही. म्हणून याबाबत अधिक विस्ताराने लिहितो.

पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पोलीस चकमकीतील मृत्यूंसाठी १६ निर्देश दिले. ते देशभर कायद्याप्रमाणे बंधनकारक आहेत. त्यांच्यानुसार शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी करायचे असते. त्यांपैकी एक शक्यतो रुग्णालयाचे प्रमुख असावेत, आणि संपूर्ण प्रक्रियेचे चित्रीकरण करून ते जपायचे असते. बेळगाव जिल्ह्यात हे काम बिम्सशी, म्हणजे बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी, जोडलेल्या जिल्हा रुग्णालयात होणे अपेक्षित आहे. खानापूर, गोकाक किंवा अथणीच्या तालुका रुग्णालयात एकाच डॉक्टरकडून घाईने उरकण्याची तयारी दिसली, तर तेथेच या निर्देशांचा उल्लेख करून लेखी हरकत द्यावी आणि तिची प्रत तहसीलदारांना व उपविभागाच्या असिस्टंट कमिशनरांना पाठवावी.

हरकतीच्या अर्जात डॉक्टरांना काही गोष्टी स्पष्टपणे नोंदवण्याची विनंती करावी. प्रत्येक गोळीच्या प्रवेशाची आणि बाहेर पडण्याची जखम कोठे आहे. शरीरातून गोळी वरून खाली गेली की खालून वर. जखमेभोवती त्वचा काळवंडली आहे का किंवा बंदुकीच्या दारूचे कण रुतले आहेत का. काळवंडलेली त्वचा आणि रुतलेले कण गोळी जवळून झाडल्याचे सांगतात, आणि पोलिसांच्या हकीकतीत वीस-पंचवीस फुटांचे अंतर लिहिले असेल तर ती तेथेच अडते. गोळीखेरीज अंगावर मुका मार, मनगटावर दोरीचे किंवा बेडीचे वळ, तळपायावर सूज आहे का, हेही नोंदवले गेले पाहिजे. कपडे धुतले किंवा जाळले जाऊ नयेत. ते वाळवून, सीलबंद करून प्रयोगशाळेकडे जावेत, कारण कापडावरील भोक आणि त्याभोवतीचा काळेपणा हाही पुरावाच असतो. मृताने गोळी झाडली असा पोलिसांचा दावा असेल, तर त्याच्या दोन्ही हातांवरील अवशेषांचे नमुने घेतले गेले का, हे विचारावे.

मृतदेह ताब्यात देताना लगेच अंत्यसंस्कार करण्याचा आग्रह होतो, कधी गावात बंदोबस्त लावूनही. शंका असेल, तर दहन थांबवून उच्च न्यायालयात दुसऱ्या शवविच्छेदनाची मागणी करता येते. दहनाची रीत असलेल्या घरांसाठी हे बोलणेही कठीण आहे, याची मला जाणीव आहे. पण काही काळ दफन करणे किंवा देह शवागारात ठेवणे हा निर्णय त्या एका दिवसातच घ्यावा लागतो. मृतदेहाचा ताबा घेताना आपली हरकत कायम असल्याचे पावतीवर लिहावे.

गुन्हा कोणावर नोंदवला आहे ते पाहा

अशा घटनेनंतर एफआयआर नोंदवला जातोच, पण तो बहुधा मृताविरुद्ध असतो : पोलिसांवर जीवघेणा हल्ला आणि शस्त्र कायद्याचा भंग. मेलेल्या माणसाविरुद्ध खटला चालत नाही, तो तपास लवकरच बंद होतो, आणि गोळी कोणी व का झाडली हा प्रश्न त्या फाइलमध्ये कधी विचारलाच जात नाही. काही वेळा तर केवळ यूडीआर, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, करून विषय थांबवला जातो. म्हणून नातेवाइकांनी संहितेच्या कलम १७३ खाली खुनाची, किंवा वस्तुस्थितीनुसार सदोष मनुष्यवधाची, स्वतंत्र तक्रार लेखी द्यावी. ‘या घटनेचा गुन्हा आधीच दाखल आहे’ असे उत्तर मिळेल. त्यावर, आमची तक्रार त्याच घटनेची विरुद्ध बाजू आहे आणि अशी उलट तक्रार नोंदवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये उपकार सिंग प्रकरणात मान्य केले आहे, असे लिहून द्यावे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी घटनापीठाने ठरवले आहे.

माणसाला चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापुरातून उचलले आणि गोळी बेळगाव जिल्ह्यात झाडली गेली, अशी स्थिती सीमेवर सहज उद्भवू शकते. कलम १७३ मुळे तक्रार हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते आणि ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. अपहरणाचा खटला तर जेथून माणूस नेला त्या ठिकाणीही चालू शकतो. त्यामुळे माणूस नेल्याची तक्रार महाराष्ट्रातील ठाण्यात तात्काळ द्यावी.

ठाण्याने तक्रार घेतली नाही, तर ती पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे पोस्टाने पाठवावी. ही पायरी गाळू नये, कारण न्यायदंडाधिकारी पुढे सर्वप्रथम तिचीच पावती मागतात.

तपास कोणाकडे, चौकशी कोणाकडे

२०१४ च्या निर्देशांनुसार चकमकीचा तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने, गोळीबारातील पथकप्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, करायचा असतो. एप्रिल २०२५ मध्ये शेजारच्या हुबळीत एका संशयिताचा पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला, तेव्हा तपास सीआयडीकडे गेला होता. बेळगावात एकाच आयुक्तालयातील शेजारच्या ठाण्याकडे तपास गेला, तर तो निर्देशांच्या शब्दांत बसेल, पण रोज एकमेकांसोबत काम करणाऱ्यांकडून निर्भीड तपासाची अपेक्षा ठेवणे मला योग्य वाटत नाही. सीआयडीचीच मागणी करावी. पोलिसांनी वापरलेली शस्त्रे तपासणीसाठी जमा केली का, शस्त्रागाराच्या नोंदवहीत किती काडतुसे दिल्याची आणि किती परत आल्याची नोंद आहे, गाडीचे लॉगबुक काय सांगते आणि ठाण्याच्या डायरीत निघण्याची वेळ कोणती आहे, या गोष्टी तपासण्याची विनंती अर्जात नावानिशी करावी. महजरसाठी नेले होते असा दावा असेल, तर झडती आणि जप्तीचे चित्रीकरण कलम १०५ नुसार सक्तीचे आहे. ते चित्रीकरण कोठे आहे, हा एक प्रश्न अनेक फाइली उघडतो.

पोलिसांच्या गोळीने झालेल्या प्रत्येक मृत्यूत दंडाधिकारीय चौकशी व्हावीच लागते. येथे एक फरक नीट लक्षात ठेवावा. मृत व्यक्ती त्या वेळी पोलिसांच्या ताब्यात असेल, म्हणजे अटकेनंतर महजरसाठी नेलेली असेल, तर कलम १९६(२) नुसार चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची असते. महसूल खात्याच्या अधिकाऱ्याने केलेली चौकशी तिची जागा घेऊ शकत नाही. नातेवाइकांना शक्य तेथे कळवून चौकशीस हजर राहू द्यावे लागते. तेथे वकिलासह जा, साक्षीदारांची यादी लेखी द्या, आणि अहवालाची प्रत मागा. अहवाल आपल्या बाजूने आला तरी निश्चिंत राहू नये. सप्टेंबर २०२४ च्या बदलापूर प्रकरणात, जेथे ताब्यातील आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पोलिसांवर ठपका होता, तरीही विशेष पथकामार्फत तपासाचा आदेश एप्रिल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला द्यावा लागला.

पायावर गोळी लागून वाचलेल्यांसाठी

कर्नाटकात मृत्यूपेक्षा पायावर गोळी झाडल्याच्या बातम्या अधिक येतात, आणि माणूस जिवंत असल्याने प्रश्न मिटला असे सर्वांना वाटते. २०१४ चे निर्देश गंभीर दुखापतीच्या प्रकरणांनाही शक्य तेवढे लागू आहेत. जखमीचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, तो जबाब देण्यास सक्षम असल्याच्या दाखल्यासह, नोंदवायचा असतो. अटकेनंतर २४ तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करताना, किंवा दंडाधिकारी रुग्णालयात येतील तेव्हा, गोळी कशी लागली हे त्याने स्वतःच्या भाषेत सांगावे आणि वकिलाने ते आदेशपत्रात नोंदवण्याची विनंती करावी. ही संधी पोलिसांच्या भीतीने गमावली जाते. कलम ५३ खालील वैद्यकीय तपासणीची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सुचवलेल्या व्यक्तीला मिळते. ती मागून घ्यावी. हिंडलगा कारागृहात दाखल होताना जखमांची नोंद होते, तिचीही प्रत पुढे उपयोगी पडते.

मानवी हक्क आयोग आणि सत्र न्यायाधीश

पोलिसांच्या कारवाईतील मृत्यूची माहिती जिल्हा पोलीसप्रमुखांनी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला ४८ तासांत द्यायची असते. नातेवाइकांनीही स्वतंत्र तक्रार करावी. तिला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ती मराठीत करता येते. मात्र राज्य आयोगाकडे प्रलंबित असलेले प्रकरण राष्ट्रीय आयोग हाताळू शकत नाही, म्हणून दोन्हीकडे एकदम धावू नये. घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे. आयोग शिक्षा देत नाही; तो अहवाल मागवतो, स्वतःच्या पथकाकडून चौकशी करवतो आणि भरपाईची शिफारस करतो. कर्नाटक पोलीस कायद्याखाली राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणाचीही तरतूद आहे, तिचा उपयोग मुख्यतः खातेनिहाय कारवाईसाठी होतो.

याहून कमी वापरली जाणारी वाट २०१४ च्या निर्देशांच्या अखेरीस आहे. निर्देश पाळले गेले नाहीत, तपास स्वतंत्र नाही किंवा अधिकाराचा गैरवापर झाला आहे, असे कुटुंबाला वाटल्यास घटनास्थळावर अधिकार असलेल्या सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते, आणि त्यांनी तिच्या गुणवत्तेचा विचार करून गाऱ्हाणे दूर करायचे असते. कोणता निर्देश कधी मोडला गेला, हे क्रमांकवार लिहून बेळगावच्या प्रधान सत्र न्यायालयात अर्ज दिला, तर निदान मूळ कागद आणि चित्रीकरण सुरक्षित ठेवण्याचा आदेश मागता येतो.

खासगी तक्रार आणि पूर्वमंजुरीचा अडसर

पोलिसांनी एफआयआर नाकारल्यास शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली तपासाची मागणी करता येते, किंवा कलम २२३ खाली खासगी तक्रार, कर्नाटकच्या न्यायालयीन बोलीत पीसीआर, दाखल करता येते. नव्या संहितेने यात सरकारी नोकरांसाठी दोन टप्पे वाढवले आहेत : त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि खुद्द त्याचे म्हणणे न्यायदंडाधिकाऱ्यांनी आधी विचारात घ्यायचे असते. त्यामुळे वेळ जातो. म्हणूनच तक्रारीसोबत पहिल्या दिवसाचे अर्ज, पोचपावत्या आणि वैद्यकीय कागद जोडलेले असले पाहिजेत. वरिष्ठाच्या अहवालासमोर ठेवायला दुसरे काही नसते.

खरा अडसर पूर्वमंजुरीचा आहे. संहितेचे कलम २१८ शासनाच्या मंजुरीशिवाय पदावरून दूर करता न येणाऱ्या अधिकाऱ्यांना लागू होते. पण कर्नाटक पोलीस कायदा १९६३ चे कलम १७० त्याहून रुंद आहे : कर्तव्याच्या नावाखाली किंवा कर्तव्याची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल पोलीस अधिकाऱ्यावर खटला चालवण्यास राज्य शासनाची आधी मंजुरी लागते. कर्नाटकातूनच गेलेल्या डी. देवराजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये सांगितले की कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल, तर मर्यादा ओलांडली तरी मंजुरी लागते. तसा संबंधच नसेल, तर लागत नाही. दुसऱ्या बाजूने, बनावट चकमक हे कर्तव्य असूच शकत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या देविंदर सिंग प्रकरणात घेतली, आणि २०२५ मध्ये पंजाबात साध्या वेशातील पोलिसांनी मोटारीवर केलेल्या गोळीबारातही संरक्षण नाकारले.

याचा व्यवहारातला अर्थ असा : तक्रार लिहिताना ‘पोलिसांनी जास्त बळ वापरले’ एवढेच लिहिले, तर तुम्ही स्वतःच ते कृत्य कर्तव्याच्या हद्दीत आणून ठेवता. वस्तुस्थिती तशी असेल, तर हल्ला झालाच नव्हता, माणूस आधीपासून ताब्यात होता, पिस्तूल नंतर ठेवले गेले, हे प्रत्येकी कोणत्या पुराव्यावरून म्हणता ते लिहावे. त्याच वेळी मंजुरीसाठीचा अर्जही शासनाकडे पाठवून ठेवावा आणि त्यात दोन्ही कलमांचा उल्लेख करावा. कलम २१८ खाली शासनाने १२० दिवसांत निर्णय न घेतल्यास मंजुरी दिल्याचे मानले जाते; म्हणून अर्ज पोहोचल्याची तारीख दाखवणारी पावती जिवापाड जपावी. मंजुरी नाकारली, तर तो आदेश उच्च न्यायालयात तपासून घेता येतो.

बी-रिपोर्ट आला तर

तपास अधिकारी पुरावा नाही म्हणून बी-रिपोर्ट दाखल करतो, तेव्हा न्यायालयाने तक्रारदाराला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. १९८५ च्या भगवंत सिंग निकालापासून हा नियम आहे. नोटीस मिळाल्यावर तारीख चुकवू नये. संपूर्ण फाइलची प्रमाणित प्रत घ्यावी, कन्नड कागदांचे भाषांतर करून घ्यावे आणि हरकतीत कोणता साक्षीदार तपासला नाही, कोणता न्यायवैद्यक अहवाल अद्याप आलेला नाही, हे दाखवावे. तपासाच्या प्रगतीची माहिती ९० दिवसांत पीडिताला देणे नव्या संहितेने बंधनकारक केले आहे, त्यामुळे बी-रिपोर्ट येईपर्यंत अंधारात राहण्याचे कारण नाही. माहिती अधिकारात तपास चालू असल्याचे कारण देऊन नकार येऊ शकतो, पण गाडीचे लॉगबुक किंवा बंदोबस्ताचे आदेश मागून पाहावेत.

या सर्व वाटा अडल्या, तर अनुच्छेद २२६ खाली कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात याचिका करता येते. विशेष पथक, न्यायालयाच्या देखरेखीखालील तपास किंवा सीबीआय चौकशी, यांपैकी काहीही मागता येते, आणि राज्याची संमती नसतानाही उच्च न्यायालय सीबीआयकडे तपास देऊ शकते, हे १७ फेब्रुवारी २०१० च्या घटनापीठाच्या निकालाने निश्चित झाले आहे. याच याचिकेत भरपाईही मागावी. १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालानंतर मूलभूत हक्कभंगाची भरपाई फौजदारी खटल्याचा शेवट होईपर्यंत थांबत नाही. भरपाई स्वीकारल्याने खटला मागे पडत नाही, हे घरातील थोरामोठ्यांना वेळीच समजावून सांगावे, कारण तडजोडीचा दबाव बहुधा त्यांच्यामार्फतच येतो.

साक्षीदार, वकील आणि लोकांची टाळी

आरोप घृणास्पद असला की लोक गोळीबाराचे स्वागत करतात आणि साक्षीदार गप्प होतात. २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार संशयित मारले गेले तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली, पुढे न्या. विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने, गोळ्या जीव घेण्याच्या हेतूने झाडल्याचा आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन असल्याचा निष्कर्ष काढला. तुमच्या माणसावर कोणता आरोप होता, हे लपवू नका. त्या आरोपाची शिक्षा न्यायालय देणार होते, एवढेच सांगायचे असते.

वाशीच्या प्रकरणातील महत्त्वाचा प्रत्यक्षदर्शी साक्ष होण्याआधीच, २०११ मध्ये, मारला गेला. त्यामुळे जो साक्षीदार घाबरला आहे, त्याच्यासाठी साक्षीदार संरक्षण योजना २०१८ खाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील सक्षम प्राधिकरणाकडे अर्ज करावा, आणि त्याचा जबाब पोलिसांऐवजी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कलम १८३ खाली लवकर नोंदवण्याची मागणी करावी. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ताब्यातील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मृताची पत्नी किंवा आई अर्जदार असेल, तर ती याच कारणाने पात्र ठरते. वकील निवडताना मात्र तो स्थानिक ठाण्याच्या रोजच्या कामांवर अवलंबून नाही, याची खात्री करून घ्यावी, आणि फाइलची एक पूर्ण प्रत घरात ठेवावी. खटला चालून आरोपी सुटले, तरी कलम ४१३ खाली पीडिताला स्वतः अपील करता येते, आणि त्या वेळी तीच प्रत नव्या वकिलाच्या हाती द्यावी लागते.